तळ्याचा शिल्पकार

माझा दीर आमच्या लाकडांच्या राशीवर पालथा पसरलेला आहे. दोन पावसाळे त्याने अंगावर घेतले, पण खालचं लाकूड सुकं ठेवलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. खरा दीर नैरोबीत असतो. हा त्याचा फ्लेक्सवरचा अवतार. बैलगाडीएवढा लांब, हात जोडलेले, कपाळाला टिळा, आणि डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'मुळगावच्या तळ्याचे शिल्पकार श्री. देवेश यांचे हार्दिक अभिनंदन'.

मी सुमंगला, देवेशची वैनी. माहेर पेडण्याचं, सासर डिचोली तालुक्यातलं हे मुळगाव. सगळा जन्म मराठी शाळेत पोरं हाकण्यात गेला, त्यामुळे माझ्या जिभेला धार आहे असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे कृष्णनाथ, देवेशचे थोरले भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा देवेश शाळेत जात होता आणि सासरे वारलेले होते. याच्या शर्टाला बटणं मी लावली, याची गणितं यांनी घेतली, आणि इंजिनियरिंगला हा गेला तो यांच्या शेताच्या जोरावर. हे तो विसरला नाही. विसरला असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

तो ज्या संस्थेत आहे तिचं नाव एवढं लांब आहे की गावात कुणाला ते पुरतं म्हणता येत नाही. आम्ही नुसतं 'संस्था' म्हणतो. देशोदेशीची सरकारं तिची मालक, आणि गरीब मुलखात रस्ते, पाणी, दवाखाने करायला ती पैसा आणि माणसं देते. देवेश पाण्यातला. नोकरी लागली तेव्हा यांनी अख्ख्या वाड्यावर पेढे वाटले होते.

फायदे नाहीत असं कोण म्हणेल? राहायला घर, मुलीची शाळा, डॉक्टर, सगळं संस्थेचं. दोन वर्षांतून एकदा घरादाराला गावी यायचं तिकीट. आणि काम खरं, नुसती खुर्ची नव्हे. एकदा कुठल्याशा डोंगरातल्या गावात नळाला पाणी आलं त्या दिवसाचा फोटो त्याने पाठवला होता. सगळ्या बायका कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, एक म्हातारी मात्र भरत आलेल्या घागरीकडे बघत होती. तो फोटो मी खिडकीशेजारी चौकटीत लावलाय, अजून आहे.

तोटे मोजायला मात्र घरातलं माणूस लागतं. त्याची बायको पूजा म्हापशाला दातांची डॉक्टर होती. चार देश फिरली, चारही ठिकाणी तिची पदवी चालेना, आता ती लोकांच्या निरोपसमारंभांना केक मागवते. मुलगी गौरवी. तिला कुणी गाव विचारलं, "खंयची गो तूं?" तर ती आधी बापाच्या तोंडाकडे बघते. नोकरी कराराची. करार संपला की त्या देशात राहायची परवानगी संपते, घर संपतं, शाळा संपते, आणि पन्नाशीतला माणूस महिन्याभरात गाशा गुंडाळून मोकळा. सासूबाई गेल्या तेव्हा हा वाळवंटातल्या एका वस्तीवर होता. पोचला तोवर राख गार झाली होती. संस्थेने तिकीट लगोलग दिलं, रजा दिली, दुखवट्याचा संदेशही पाठवला. कुठेही कमी पडली नाही, त्यामुळे राग कुणावर काढावा हेच कळेना. मी तो चुलीतल्या लाकडांवर काढला.

आता तळ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय.

आमचं शेत तळ्याच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यातलं भात कुठेही होतं, पण पाऊस संपल्यावर तळ्याच्या पाण्यावर दुसरं पीक निघतं, त्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात. खाणींच्या दिवसांत दर पावसात तांबडा चिखल वाहून आला आणि तळ्यात बसला. आता तळ्यात म्हैस उभी राहिली तर तिचे गुडघेसुद्धा भिजत नाहीत. वायंगण बंद पडलं तेव्हापासून तनया, आमची मुलगी, लहानाची मोठी झाली. हे मात्र रोज संध्याकाळी काठी घेऊन तळ्यावर जातात, काठी पाण्यात घालतात, आणि कुठवर भिजली ते बघून परत येतात. देवाकडे यांचं एकच मागणं, मरायच्या आधी वायंगण पिकलेलं बघायचं. "एकदां वायंगण पिकल्लें पळयतलों. मागीर हांव मेकळो." गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी मागणं तेच.

आणि मग सरकारने खाणपट्ट्यातली तळी उपसायची योजना काढली. पैसा देवेशच्या संस्थेचा, यादी सरकारची. यादीत मुळगाव.

दोन वर्षांमागच्या चवथीची ही गोष्ट. देवेश रजेवर आला होता. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधायचं काम चाललं होतं. लहानपणी हाच रानात चढून ती फळं आणायचा, आणि आता एकेक हातात घेऊन मला नावं विचारत होता. तनया खाली बसून दोऱ्या वळत होती. तिचंही शिक्षण पाण्यातलंच, काकाचं बघून घेतलेलं, आणि तिला अशाच दुसऱ्या एका संस्थेत अर्ज करायचा होता.

"काका, बाबा म्हणटा दोळे धांपून अर्ज कर. तूं सांग, बरी ही नोकरी काय वायट?"

"बरी आसा गो," देवेश म्हणाला. "काम बरें, मनीस बरे. जग पळोवंक मेळटा."

"आनी वायट?"

तो सुपारीचा घोस बांधत होता. त्याने आधी गाठ मारली.

"सगळ्यांच्या गांवांक उदक दिवंक मेळटा. आपल्या गांवाचें नांव मात काडूंक मेळना."

मग त्याने नीट समजावलं. यादी सरकारने केली, त्याचा हात नव्हता. मुळगावचं नाव दिसल्याबरोबर त्याने ऑफिसला कळवलं होतं की हा माझा गाव, माझ्या भावाचं शेत तळ्याखाली आहे, मला या कामापासून लांब ठेवा. तेव्हापासून त्या कामाचा कागदही त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. नियमच तसा, आणि चांगलाच नियम. नाहीतर प्रत्येक साहेब आपल्याच मामाच्या दारात नळ नेईल.

"दादा, तूंय आयक," तो माटोळीखालून यांच्याकडे वळून म्हणाला, आपलं नाव निघालं तर गाव यादीतून जाईल हे बजावत. "दिवाळे उपरांत संस्थेचीं माणसां तळें पळोवंक येतलीं. देवेशान काम हाडलें, अशें कोणें म्हणल्यार गांव यादींतल्यान वतलो. माजो हातूच ना हातूंत."

"ना रे, तुजो हात खंय," हे म्हणाले आणि मिशीत हसले.

ते हसू मी पाहिलं आणि तेव्हाच ओळखायला हवं होतं. आमच्याकडे मोठा माणूस 'मी काही केलं नाही' असं म्हणाला की ते सगळं त्यानेच केलं असा अर्थ लावतात. देवळाला घंटा देणारा असंच म्हणतो, पोराला नोकरी लावून देणारा असंच म्हणतो. खरंच काही न केलेला माणूस कधी असं म्हणत नाही, तो तर सगळीकडे सांगत सुटतो. देवेश जितका नाही म्हणाला तितका यांच्या मनात तळ्याचा धनी होत गेला.

गणपती पाचव्या दिवशी पोचवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात आरती आहे म्हणून यांनी देवेशला नेलं. मी मागून गेले तर व्हाळाकडच्या वळणावर हा फ्लेक्स. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बसला दिसेल असा. मंडपात खुर्च्या मांडलेल्या, समई पेटवलेली, आणि आमचा पंच सगुण माइक घेऊन उभा. देवेशला हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेत पाठांतर न झालेलं पोर बघतं तसं बघत होता, आणि मी काय करणार होते, चारशे माणसांतून त्याला उचलून नेणार होते?

यांनी जन्मात कधी माइक धरला नव्हता.

"माजो भाव म्हणटा, हांवें कांयच करूंक ना," हे म्हणाले. "तो तसोच. ल्हान आसतनाय आपणें केल्लें कोणाक सांगनासलो. पूण आवयक आनी गांवाक कळटाच. आमचें तळें ताणें हाडलें. आवय आसती जाल्यार..." तळं भावाने आणलं हे बघायला आई हवी होती, असं यांना म्हणायचं होतं. हे खाली बसले आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

टाळ्या थांबायच्या आत देवेश उठला. म्हणाला की हे काम सरकारचं आहे, माझा यात काडीचा हात नाही, कृपा करून माझं नाव घेऊ नका. त्याला तर यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. सगुणने त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटो काढला. तो फोटो घरी पोचायच्या आत तालुक्याच्या सगळ्या गटांवर फिरला. त्यांतल्या एका गटावर डिचोलीचे सरकारी साहेबही होते.

रागवायचं तरी कुणावर? माणसं प्रेमाने वेडी झाली होती. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

सकाळी पोदेराकडून गरम पावाचे उंडे घेतले, चहा केला आणि बाहेर नेला. देवेश सोप्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. शाल घडी करून शेजारी ठेवलेली. हे तळ्यावर गेले होते.

"वैनी, हें माका ऑफिसाक कळोवंक जाय," तो म्हणाला.

"कितें?"

"कालचें सगळें. फलक, सत्कार, दादान उलयल्लें."

"आनी कळयल्यार?"

"मुळगांव वगळटले. बदलाक दुसरो गांव घेतले. काम तालुक्यांतूच रावतलें."

मी कपबशी खाली ठेवली. "आनी ना कळयल्यार? कोणाक कळटलें?"

तो खरं बोलणारा पोरगा. पहिल्यापासून. "कदाचित कोणाकूच ना," म्हणाला.

"मागीर रावंदी. बरोवं नाका." लिहूच नको म्हणाले मी.

त्याने डोळे चोळले. उद्या दुसऱ्या कुणी ते पुढे आणलं तर सगळी यादीच संशयात जाईल, म्हणाला. इतर गावांची तळीही बुडतील. शिवाय त्याचा करार. पुढच्या वर्षी नवा व्हायचा होता, आणि लपवलं असं ठरलं तर नवा होणार नाही. गौरवीचं कॉलेज अर्ध्यावर. पूजा कुठे जाईल? हे सगळं त्याने मला खालच्या आवाजात सांगितलं. त्यातलं कुठलं कारण वरचं आणि कुठलं तळाचं, ते मला कळलं नाही. त्याला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"दादान तुका शिकयलो," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

"म्हूणच," तो म्हणाला. "ताणेंच शिकयलां, लिपोवंक जायना म्हूण."

मग त्याने बोट टेकवून पत्र धाडलं. आवाजसुद्धा झाला नाही. चहावर साय धरली होती. तेवढ्यात हे फाटकातून आत आले, काठी हातात, पाय चिखलाने तांबडे, चेहरा हसरा.

"रजेरूय सोडिनात मरे तुका," हे म्हणाले आणि उंडा मोडून त्याच्या हातात दिला. देवेशने तो खाल्ला. सगळा खाल्ला, एक घास न सोडता, आणि मला तिथून उठून आत जावं लागलं.

दिवाळी झाली. यांनी दोन माणसं लावून तळ्याभोवतीचं गवत कापून घेतलं, वाट साफ केली, इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला. संस्थेच्या गाड्या आल्या आणि डिचोलीवरून सरळ दुसऱ्याच गावाला, सर्वणला गेल्या. सगुण चौकशीला तालुक्याला जाऊन आला. तिथल्या साहेबाने त्याला एवढंच सांगितलं की तुम्ही तुमच्या हाताने माती केलीत, त्या फलकाची खबर वर गेली. कुणी दिली ते त्यालाही माहीत नव्हतं.

गावाने लगेच दोन-तीन नावं काढली. कुणाची जळते, कुणाचं शेत तळ्यापासून लांब आहे. हे मात्र कुणाचं नाव घेईनात. वळणावर जाऊन यांनी स्वतः फ्लेक्स उतरवला, घडी करून स्कूटरवर पुढ्यात घेऊन आले, आणि लाकडांवर टाकून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग चुलीपाशी येऊन बसले.

"देवेशाक सांगूं नाका हां," मला म्हणाले.

"कितें?"

"फलका खातीर गेलें तें. ताका कळ्ळें जाल्यार तो आपणाकूच दोश दीत रावतलो. ताणें सांगिल्लें, हांवें आयकूंक ना. चूक माजी. सरकारांत अडकलां म्हूण सांगूया."

मी मान हलवली. एकाचं गुपित एका कानात, दुसऱ्याचं दुसऱ्यात, आणि मध्ये मी. उभ्या जन्मात मी गप्प बसलेली नाही, आणि गप्प बसायची वेळ आली ती अशी.

सर्वणचं तळं उपसून झालं. गेल्या माघात तिथे नात्यातलं लग्न होतं, आम्ही बसने गेलो. डाव्या हाताला वायंगणाची शेतं होती, हिरवीगार, वाऱ्यावर हलणारी. बसमधले सगळे बघत होते. हे उजव्या बाजूच्या खिडकीतून एका टायरच्या दुकानाकडे बघत बसले. लग्नात जेवलेही नाहीत नीट.

तनयाने अर्ज केला, तिला घेतलं. ती आता ढाक्याला असते. मोपाच्या विमानतळावर हे तिला म्हणाले, "खूब शीक. बरें काम कर. आमचें नांव मात खंय काडूं नाका." पोरीने हसून मान डोलावली. तिला तो विनोद वाटला.

आणि यंदाच्या चवथीला देवेश आला. करार नवा झाला होता, केस पांढरे झाले होते. तो यायच्या आदल्या दिवशी हे मागीलदारी गेले आणि लाकडांवरचा फ्लेक्स उलटा करून आले, अक्षरं आणि तोंड खाली, पांढरी बाजू वर.

दुपारी केळीच्या पानावर जेवायला बसले दोघे. मी खतखतें वाढत होते. देवेशने तळ्याचं काही विचारलं नव्हतं, म्हणून यांनीच काढलं.

"तें तळ्याचें रे. सरकारांत खंय तरी अडकलें. तशेंच आसता तें. तूं मनाक लावन घेवं नाका."

"हय," देवेश म्हणाला. तो पानाकडे बघत होता.

"तुज्या हातांत आसतें जाल्यार तुवें केल्लेंच आसतें. माका खबर ना?"

देवेशचा हात भातात तसाच राहिला. मग तो उठला, पान अर्धं टाकून, आणि हात धुवायला मागीलदारी गेला. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पळे, अजून लागता ताका. बरें जालें सांगूंक ना तें."

मी तांब्या घेऊन मागे गेले. देवेश लाकडांपाशी उभा होता. फ्लेक्सचा कोपरा उचलून बघत होता. खालून त्याचेच जोडलेले हात दिसत होते, रंग उडालेले.

"दादान उलटो घालो?"

"पावस कमी लागता तशें," मी म्हणाले.

त्याने कोपरा खाली सोडला. दगड उचलून परत जागेवर ठेवला, नीट, हलणार नाही असा.

"ताका खबर आसा? हांवेंच कळयल्लें तें?"

"ना."

"सांगूं, वैनी?"

आतून यांचा आवाज आला. देवेशला हाक मारत होते, पायस आहे म्हणून, पान उचललेलं नाही म्हणून. मला दोघांचाही राग आला. एवढे चांगले का झालात, असं विचारावंसं वाटलं. त्या तळ्याने यांचं पीक नेलं, आता आणखी काय काय त्यात बुडवायचं होतं?

"नाका," मी म्हणाले. "वायंगण गेलेंच. ताका भाव तरी उरूंदी."

त्याने हात पुढे केले, मी तांब्यातलं पाणी घातलं. हात धुऊन तो आत गेला आणि भावाच्या शेजारी बसून पायस जेवला. संध्याकाळी हे काठी घेऊन तळ्यावर निघाले, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला.